संपलं नाही, थांबलोय

प्रांतिक सभागृहात बोलण्यासाठी निवडून आलेली माणसं पुष्कळ होती, पण कुणाचा आवाज कधी चालू व्हायचा आणि कधी बंद, हे ठरायचं वरच्या काचेच्या खोलीतल्या एका मुलीच्या बोटावर. सभापतींनी नाव पुकारलं की ती त्या सभासदाच्या माईकचं बटण दाबायची आणि त्याच्या बाकावर हिरवा दिवा लागायचा. बोलणं संपलं की पुन्हा बटण, दिवा लाल. सगळे तिला बटणबाई म्हणत आणि तिला त्याचा मुळीच राग येत नसे. मोठमोठ्या तोंडाळ पुढाऱ्यांना एका बोटाने गप्प करण्याचं सुख किती जणींच्या नशिबी असतं!

काम शिकवलं होतं मामांनी. मामा म्हणजे ध्वनिकक्षाचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, सगळ्या इमारतीचे मामा. त्यांचा नियम एकच. "माणूस गप्प झाला की बटण बंद. चालू माईकसमोर गप्प बसलेला पुढारी म्हणजे चुलीवरचं दूध. नजर हटली की उतू." याला कारण होतं. एकदा एक सभासद भाषण संपवून बसता बसता शेजाऱ्याच्या कानात सभापतींच्या केसांच्या टोपाबद्दल काहीतरी कुजबुजला होता, आणि ते प्रांतभर ऐकू गेलं होतं. सभापती अजून तोच टोप घालत. मामा मात्र तेव्हापासून कुणाच्याही शांततेवर विश्वास ठेवत नसत.

त्या दुपारी बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. सभागृह पेंगुळलेलं. नदीपलीकडच्या गावातून पोटनिवडणुकीत निवडून आलेला नवा सभासद पहिल्यांदाच बोलायला उभा राहिला. उंच, किंचित पोक काढून उभा राहणारा, लांब बोटांचा. बोलायचा मात्र गोड. त्याच्या गावची शेवटची बोट दोन्ही काठांवरून संध्याकाळी पाचला सुटते, म्हणून अलीकडच्या शहरात कामाला येणाऱ्यांची कशी त्रेधा उडते, कारखान्यातून निघायला जरा उशीर झाला की धक्क्यावरच्या बाकावर रात्र कशी काढावी लागते, हे तो सांगत होता. बटणबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिली. सहसा ती कुणाचं ऐकत नसे, फक्त आवाज तपासत असे.

"...आणि म्हणून मी या सभागृहाला एकच विचारतो—"

तो थांबला.

सभागृहही थांबलं. बटणबाईचं बोट मात्र सवयीचं गुलाम. टक्! दिवा लाल.

पुढच्या क्षणी त्याने हात उंचावून काहीतरी विचारलं. ओठ हलले, डोळे चमकले, आवाज काही नाही. काचेतल्या माशासारखा तो दोनदा तेच बोलला. आधी मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. सभापतींनी घाईने पुढचं नाव पुकारलं.

चहाच्या सुट्टीत काचेच्या खोलीचं दार वाजलं.

"माफ करा," दारात तोच उभा होता, जिने चढून धापा टाकत. "माझं एक वाक्य इथे हरवलंय. कुणाला सापडलं का?"

बटणबाईला ओशाळं वाटायला हवं होतं. वाटतही होतं... पण जिभेला हाड कुठे असतं?

"कसल्या रंगाचं होतं?"

"हिरव्या दिव्याचं. तुम्ही लाल केलंत."

"तुम्ही गप्प झालात."

"मी थांबलो होतो!"

"एकच की ते."

"एकच?" त्याने छातीवर हात ठेवला. "अहो, चार मात्रा थांबलो होतो मी. मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार... आणि पाचव्याला शब्द येणार होता."

"तुमच्या तिसऱ्याला माझं बटण आलं."

"बघा! म्हणजे तुम्हीही मोजत होतात."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने उगाचच एक तार उपसून पुन्हा खोचली. "सभागृहाच्या नियमांत मात्रा नाहीत, साहेब."

"साहेब नको. गावात मला कुणी साहेब म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"गावात वाजव्या. आणि इथे विरोधी बाकांवर भोंगेवाला." त्याने कॉलर जराशी बाजूला केली. मानेवर पट्ट्याचा एक फिकट वळ होता. "सॅक्सोफोन. वाद्य गळ्यात अडकवावं लागतं. आम्ही चौघं मिळून जॅझ वाजवतो, निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून. राजकारण नंतर लागलं."

"लागलं म्हणजे? सर्दीसारखं?"

"सर्दी बरी होते हो."

आता मात्र ती हसलीच. मग जरा गंभीर होऊन तिने विचारलं, "काय होतं ते वाक्य?"

"आता सांगणार नाही. ते सभागृहातच बोलेन, तेही एकदाच. तुम्ही बोलू दिलंत तर." तो जायला निघाला, आणि दारातून वळला. "रविवारी दुपारी पलीकडे या ना. धक्क्यावरच्या जुन्या प्रतीक्षाखोलीत वाजवतो आम्ही. थांबणं आणि संपणं यात फरक काय असतो, ते कानाने कळेल. तोंडाने मला सांगता येत नाही, तुम्ही बटण बंद करता."

रविवारी ती आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, ही गोष्ट ताईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ताई म्हणजे थोरली बहीण, आणि घरातलं गुप्तहेर खातं.

"कुठे निघालीस नटूनथटून?"

"कामाला."

"रविवारी?"

"आवाज तपासायला."

"हं," ताई पेपरमागून म्हणाली. "आवाजाला डोळे आहेत वाटतं, काजळ घातलंस ते."

प्रतीक्षाखोली म्हणजे लाकडी बाकांची लांबट खोली, भिंतीवर जुनी वेळापत्रकं, खिडक्यांतून नदी. पियानोवर गावातले दातांचे डॉक्टर. दाढ काढताना ते गुणगुणत, आणि गुणगुणणं थांबलं की पेशंटने समजायचं, आता ओढणार. ड्रमवर औषधांच्या दुकानाचे मालक. माणसाएवढ्या उंचीचं बास वाद्य कवेत घेऊन शाळेतल्या गणिताच्या बाई. आणि पुढे, डोळे मिटून, तो.

जॅझ तिने पूर्वी रेडिओवर ओझरतं ऐकलं होतं. समोर बसून ऐकणं वेगळंच निघालं. सूर मध्येच रुसत होते, मध्येच एकमेकांना कोपरखळी मारत होते. सॅक्सोफोनचा आवाज जाड, उबदार, कुणीतरी जवळ बसून खालच्या आवाजात खोडी काढत असल्यासारखा. हा माणूस सभागृहात बोलतो तसाच वाजवतो... नाही, वाजवतो तसा बोलतो.

सूर उंच गेला, आणखी उंच, आणि थांबला.

खोली स्तब्ध. बटणबाईने मन भरून टाळ्या सुरू केल्या.

एकटीनेच.

त्याच क्षणी सूर पुन्हा सुरू झाला. थांबला होता, संपला नव्हता! सगळ्या बाकांवरची डोकी वळली. गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण त्याने डोळे उघडले, वाद्य ओठांवरून न काढता भुवया उडवल्या, आणि तिच्या दोन फसलेल्या टाळ्यांचा ठेका उचलून पुढच्या सुरांत गुंफून टाकला. टक्-टक्, टक्-टक्. औषधवाल्यांनी तो लगेच ड्रमवर झेलला. तिची चूक गाण्यात जाऊन बसली, आणि काय सांगावं, तिथे शोभलीही.

नंतर धक्क्यावर चहा पिताना ती म्हणाली, "दोनदा तुमचं वाक्य तोडलं मी."

"दुसऱ्यांदा जोडलंत."

"पण तुम्हा चौघांना कळतं कसं, कोण थांबलाय आणि कोण संपलाय ते?"

"एकमेकांकडे बघायचं. दुसरं काही नाही." तो तिच्याकडे बघतच म्हणाला. तिने कपात पाहिलं. कपात चहा संपला होता, तरी ती बघत राहिली.

"तुम्ही दिवसभर सगळ्यांचं बोलणं चालूबंद करता," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः कधी बोलता?"

"रोज सकाळी." ती हसली. "आमच्या खोलीत चाचणीचा माईक आहे. रिकाम्या सभागृहाला मी सांगते, चाचणी, चाचणी, एक, दोन, तीन."

"आणि सभागृह काय म्हणतं?"

"रिकामं असतं तेव्हा फार शहाण्यासारखं वागतं."

तो खदखदून हसला. मग एकदम हसू आवरून म्हणाला, "मला तुम्हाला एक..."

भों! पाचच्या बोटीने शिट्टी दिली. ती ताडकन उठली. शेवटची बोट. धावत फळीवरून आत शिरली तेव्हा तो धक्क्यावर उभा राहून ओरडत होता, "बघितलंत? इथेही बटण आहेच!"

त्यानंतर रविवार असेच होऊ लागले. ती यायची, ऐकायची, मग चहा, मग गप्पा, आणि कुठल्यातरी वाक्याच्या ऐन मध्यावर पाचची बोट. डॉक्टर तिच्यासाठी पुढचा बाक पुसून ठेवायला लागले. ताईने 'आवाज कसा आहे' हे विचारणं सोडून 'कितपत वाजतोय' असं विचारायला सुरुवात केली.

आणि सभागृहात? तिथे तर गंमतच. तो बोलायला उभा राहिला की थांबण्याआधी बाकावर दोन बोटं हलकेच आपटायचा. टक्-टक्. म्हणजे, संपलं नाही, थांबलोय. वर काचेत बोट बटणावरून मागे यायचं. कधी ती त्याचा हिरवा दिवा क्षणभर मिटून पुन्हा लावायची, डोळा मिचकावल्यासारखा. म्हणजे, ऐकतेय. भर सभागृहात, सगळ्या पुढाऱ्यांच्या नाकासमोर ही लबाडी चालायची आणि कुणाला पत्ता नसायचा. मामांना होता. ते चष्मा पुसत नुसते म्हणायचे, "दूध उतू जातंय गं." ती म्हणायची, "जाऊ दे मामा."

ती प्रेमात पडली होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या, तिने स्वतःशी कबूल केलं होतं, एका सोमवारी, हेडफोन कानावर असताना. त्याने कबूल केलं नव्हतं. पण ज्याची बोट पाचला सुटते त्याने तरी किती वाक्यं पूर्ण करावीत?

मग थोरल्यांनी त्याला बोलावलं.

थोरले म्हणजे त्याच्या पक्षाचे सर्वेसर्वा, पांढऱ्या मिशांचे, गोड बोलून गळा कापणारे. तो तिथून निघाला तो थेट जिने चढून काचेच्या खोलीत. चेहरा फुललेला होता, आणि तरी कसनुसा.

"मला मंत्री करतायत," तो म्हणाला.

"अरे वा!"

"दोन अटी आहेत. सातच्या बोटीचा मी दिलेला ठराव आत्ता मागे घ्यायचा. वर्षभर धीर धरायचा, मग बघू म्हणाले. आणि..." त्याने मानेवरचा वळ चोळला. "वाजवणं बंद. मंत्री भोंगा वाजवत नाही म्हणे. लोक म्हणतील, सरकारला काम नाही."

तिने पुढ्यातली एक तार उपसून पुन्हा खोचली.

"वर्षाचाच प्रश्न आहे. मंत्री झालो तर बोटच काय, पूलसुद्धा होईल. तुम्हाला काय वाटतं?"

तिच्या मनात खूप काही होतं. ती ज्या माणसावर भाळली होती तो पट्टा गळ्यात अडकवून डोळे मिटणारा होता, आणि आज हा कुणी दुसराच समोर उभा राहून तिच्याकडून शाबासकी मागत होता. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला.

"विचारायला आला असतात तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही कळवायला आलात."

"तसं नाही हो..."

घंटा वाजली. चहाची सुट्टी संपली. तिने हेडफोन चढवले, आणि तो थोडा वेळ उभा राहून खाली निघून गेला.

पुढच्या दिवसांत तो सभागृहात दोनतीनदा बोलला. पक्षाच्या कचेरीतून लिहून आलेली भाषणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात, कुठे फट म्हणून नाही. थोरले मान डोलावत. बाकावर दोन बोटं एकदाही वाजली नाहीत. दिवा नियमाप्रमाणे हिरवा होई, नियमाप्रमाणे लाल. मामा तर खूश व्हायला हवे होते, पण तेही म्हणाले, "हा पोरगा आता इतरांसारखाच बोलतो की." आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

रविवारी जायचं नाही असं तिने ठरवलं, आणि गेली. ताईने फक्त छत्री हातात दिली.

प्रतीक्षाखोलीत तिघंच होते. तो नव्हता, त्याची खुर्ची मात्र जागच्या जागी. वाजवायला सुरुवात झाली. पियानो आपलं म्हणाला, बासने आपलं सांगितलं, आणि मग त्याच्या सॅक्सोफोनची पाळी आली तेव्हा तिघंही मागे सरकले. ड्रमवर फक्त बारीकसा ठेका. बाकी काही नाही. खिडकीबाहेर पाणी धक्क्याला थापट्या मारत होतं. त्याच्या पाळीचा सगळा वेळ त्यांनी तसाच जाऊ दिला, रिकामा, आणि मग पुन्हा तिघांनी मिळून सूर धरला.

"ती जागा तुम्ही का नाही भरत?" तिने नंतर डॉक्टरांना विचारलं.

"त्याची आहे ती," डॉक्टर म्हणाले. "पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्याने सरकू नये. तोंड बिघडतं."

ती पाचच्या बोटीने परत निघाली. सबंध वाटभर तिच्या कानात ती रिकामी जागा वाजत होती.

दुसऱ्या दिवशी ठराव मागे घेतला जायचा होता. तो तिला जिन्यात भेटला. नवा कोट, सरळ टाय, हातात एका ओळीचं निवेदन.

"काल मी पलीकडे गेले होते," ती म्हणाली. "तुमच्या जागी कुणी वाजवत नाही. तुमची पाळी आली की तिघंही थांबतात."

त्याचा हात कठड्यावर थबकला.

"मला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही मंत्री व्हा, नाहीतर काहीही व्हा, तो तुमचा प्रश्न. पण तुमचं वाजवणं संपलं असं ते लोक अजून मानत नाहीयेत. थांबलेत." ती एक पायरी वर चढली. "आणि... मीसुद्धा."

एवढं बोलून ती जिने चढून गेली. खुर्चीत बसली आणि मनाशी म्हणाली, झालं, बोलून बसले.

सभागृह भरलं. सभापतींनी त्याचं नाव पुकारलं. बटण. हिरवा दिवा. पुढच्या बाकावर थोरले मिशीवर हात फिरवत बसले होते.

तो उभा राहिला. कागदाकडे पाहिलं.

"सभापती महोदय, मी माझा बोटीचा ठराव—"

टक्-टक्.

बाकावर दोन बोटं. आणि मग शांतता.

ती मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. शब्द नाही. पुन्हा एक, दोन... तो वर बघत होता, सरळ काचेकडे. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. थोरल्यांची मान वळली.

"संपलं त्याचं," मामा सवयीने म्हणाले. "बंद कर, पोरी."

"नाही मामा."

"ध्वनिकक्ष," खालून सभापतींचा आवाज आला, "सभासदांचा माईक बिघडलाय का?"

मामांनी चाचणीच्या माईककडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग, केवढा शहाणा म्हातारा, त्यांनी तो माईक हळूच तिच्यापुढे सरकवला आणि आपण चष्मा पुसायला घेतला.

रिकाम्या सभागृहाला रोज 'चाचणी' म्हणणारा आवाज पहिल्यांदा भरल्या सभागृहात घुमला. "नाही महोदय. माईक चालू आहे. सभासदांचं बोलणं संपलेलं नाही. ते थांबलेत."

सगळ्या माना वर वळल्या. तिने त्याचा हिरवा दिवा एकदा मिटून पुन्हा लावला.

तो हसला. वाद्य ओठांना लावण्याआधी हसायचा तसं.

"मी माझा बोटीचा ठराव... मांडतो," तो म्हणाला.

सभागृहात हल्लकल्लोळ. थोरल्यांची मिशी थरथरली. पण हिरवा दिवा त्याचा होता आणि तो कुणीही बंद करणार नव्हतं.

"माझ्या पहिल्या भाषणात माझं एक वाक्य राहून गेलं होतं," गलका ओसरल्यावर तो म्हणाला. "आज पूर्ण करतो. मी या सभागृहाला एकच विचारतो—"

या वेळी तिने मोजलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"पाच वाजल्यानंतर पलीकडच्या काठावर तुमचं माणूस कधी उभं राहिलंय का?"

मग विरोधी बाकांवरचा तो म्हातारा सभासद, ज्याने भोंगेवाला हे नाव पाडलं होतं, जागेवरच उभा राहिला. त्याचा माईक बंद होता. पण इतकी शांतता होती की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"माझी आई उभी राहायची," तो म्हणाला, आणि खाली बसला.

ठराव मंजूर झाला. काठावर पास झाला, पण झाला. संध्याकाळची सातची बोट.

मंत्रिपद अर्थातच गेलं. थोरल्यांनी वऱ्हांड्यात त्याला गाठलं आणि तोंडावर सांगितलं, "गाढवा, जरा कमी थांबला असतास तर मंत्री झाला असतास."

"हो," तो म्हणाला. "आणि रविवारी या की ऐकायला. पुढचा बाक पुसून ठेवतो."

थोरले म्हणे घरी जाऊन हसले. पण ही ऐकीव गोष्ट आहे.

सातची पहिली बोट सुटायची होती त्या रविवारी प्रतीक्षाखोलीत उभं राहायला जागा नव्हती. मामा आले होते. ताई आली होती, 'आवाज तपासायला'. त्याची पाळी आली तेव्हा तिघंही सवयीने मागे सरकले, आणि सॅक्सोफोनने ती जागा काठोकाठ भरली. मध्येच त्याने टक्-टक्, टक्-टक् असा एक ठेका घेतला. त्याचा अर्थ त्या गर्दीत एकीलाच कळला, आणि तिच्या गालांवरून ताईलाही.

पाच वाजले. बोटीने शिट्टी दिली. सवयीने ती ताडकन उठली, आणि मग हसून खाली बसली. माणसं बोटीवर चढली, ताई आणि मामासुद्धा चढले. ताईने जाताना छत्री परत नेली, कारण आभाळ स्वच्छ होतं आणि ताईला उगाच ओझी आवडत नसत. बोट गेली. धक्क्यावर दोघंच उरले.

ऊन पाण्यावर कलतं झालं होतं. तो कठड्याला टेकला. मानेवरचा वळ आज ताजा होता.

"मी तुम्हाला... तुला..." त्याने घसा साफ केला. "मी तुला एकच विचारतो—"

आणि थांबला.

ती वाट पाहत राहिली. त्याची दोन बोटं कठड्यावर टेकली होती, पण वाजत नव्हती. भर सभेत थोरल्यांना न जुमानणाऱ्या या माणसाला शब्द सापडत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिला त्याची इतकी माया आली की काय सांगावं.

तिने त्याच्या बोटांवर हात ठेवला.

"संपलं का?"

"नाही," तो पुटपुटला. "थांबलोय."

"मग ऐक. माझं उत्तर हो आहे."

"अगं, पण मी अजून विचारलंच कुठे?"

"विचार सावकाश," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी कठड्याला टेकली. "माझी बोट सातची आहे."